धुराच्या पाइपातला पंचा

१

माझ्या भावाला कोणी मारलं, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. नाव रंगनाथ, गाव बीड जिल्ह्यातलं, काम पाइप फिटिंगचं. दोह्यातले सगळे ओळखीचे हेच सांगत होते, आणि मला एक मान हवी होती. मुरगळता येईल अशी मान.

मी मार्था, मूळची वसईची. इथल्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स आहे. विन्सेंट माझा धाकटा भाऊ. आधी तो रास लफानच्या गॅस प्रकल्पावर एका ठेकेदार कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. सात वर्षांपूर्वी एक दिवस ती नोकरी सुटली. का सुटली ते त्याने फक्त मला सांगितलं, तेही दार लावून. मग तो लोकांच्या घरांची डागडुजी, रंगरंगोटी, फेरबदल यांच्यावर देखरेख करायला लागला. माणूस असा, की दुसऱ्याच्या शिडीचा पाय हलला तरी हा धावत जाऊन ती धरायचा. असा माणूस दोह्याच्या अल थुमामा भागातल्या एका व्हिलात, भर दुपारी, गॅसच्या शेकोटीसमोर खुर्चीत बसल्या बसल्या मेला.

होय, शेकोटी. जिथे वर्षाचे आठ महिने माणूस स्वतःच भाजून निघतो तिथे शेकोटी! पण देवव्रतला ती हवी होती. देवव्रत म्हणजे पुण्याचा, रास लफानला व्हेंटिलेशन इंजिनिअर, मंडळाच्या गणपतीत विन्सेंटच्या खांद्याला खांदा लावून मोदक वाढणारा. बायको संजीवनी मुलांच्या कॉलेजसाठी पुण्यात. ह्याने घरातली एक जुनी खोली फोडून थंडीतली बैठकीची खोली करायला घेतली आणि देखरेख विन्सेंटवर सोपवली.

नवी बसवलेली शेकोटी आधी दोन-चार तास नुसती जाळून घ्यावी लागते, म्हणजे तिच्या रंगाचा वास जातो. विन्सेंट त्यासाठीच बसला होता. देवव्रत सकाळपासून रास लफानला ड्युटीवर. संध्याकाळी कंपनीच्या बसने परत आला तेव्हा विन्सेंटची मान कलंडलेली, शेकोटी अजून जळत होती. त्याने गॅस बंद केला, ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि मग गच्चीवर गेला.

"मार्थाताई, हे बघा," तो मला हॉस्पिटलच्या आवारात म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. त्याने मोबाईल पुढे केला.

फोटोत धुराच्या पाइपाचं गच्चीवरचं तोंड होतं आणि त्यात कोंबलेला एक पंचा. अर्धा पाइपात, अर्धा देवव्रतच्या हातात. पांढऱ्यावर लाल चौकड्या. चौकडी अन् चौकडी मोजून घ्यावी असा स्पष्ट फोटो.

"काम चालू असताना पाइपात वाळू जाऊ नये, कबुतरं शिरू नयेत म्हणून फिटर असा बोळा घालून ठेवतात. शेकोटी पेटवायच्या आधी तो काढायचा असतो. रंगनाथ विसरला. धूर वर जायला वाटच राहिली नाही, सगळा विष होऊन खोलीत आला. हा त्याचाच पंचा. सगळे ओळखतात."

विन्सेंटचा चेहरा मी शवागारात पाहिला होता. गुलाबी, टवटवीत, नुकता समुद्रावर फिरून आल्यासारखा. कार्बन मोनॉक्साईडने गेलेली माणसं अशीच दिसतात. मेल्यावर इतकं देखणं दिसायचा त्याला काय अधिकार होता, असा वेडा राग मला आला.

पोलिसांनी रंगनाथची चौकशी करून त्याला देश सोडायला बंदी घातली. खटला होणार, तुरुंग होणार. मला तेवढ्याने पुरे वाटेना. आमच्या फादरनी त्या संध्याकाळी हळूच विचारलं, फेब्रुवारी जवळ आलाय, दरवर्षीचं ते नाव ह्या खेपेलाही वाचायचं का? विन्सेंट दर फेब्रुवारीत मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सांगायचा आणि लोपीस-डाबरे अशा आमच्या नावांच्या गर्दीत एक 'महिपती' वाचला जायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "एक माणूस होता, बाय." त्या दिवशी मला कुठल्याच महिपतीशी कर्तव्य नव्हतं.

मी देवव्रतला एवढंच म्हटलं, "त्या फिटरचा पत्ता दे."

२

कामगारांच्या वस्तीतल्या त्या खोलीत सहा पलंग होते आणि रंगनाथ खालच्या पलंगावर गुडघे छातीशी घेऊन बसला होता. पन्नाशीचा, हाडकुळा. मी कोण ते कळल्यावर उठून उभा राहिला, पण हात जोडले नाहीत. ते मला फार झोंबलं.

"माझा भाऊ तुझ्या विसरभोळेपणाने मेला. तुझ्या घरी भाऊ आहे का?"

"हाय ना ताई. शिव्या द्यायच्या तर द्या, म्या ऐकून घेतो. पण बोळा म्या काढला व्हता."

"चोराच्या उलट्या बोंबा! पंचा तुझाच ना?"

"माझाच. सकाळी काढला पाइपातून. वाळूनं भरला व्हता, म्हणून झटकला, गच्चीवरच्या नळाला धुतला अन् कठड्यावर वाळत टाकला, उडू नये म्हणून वर वीट ठिवली. तसाच ऱ्हायला तिथं."

"आणि मग तो पाय फुटून परत पाइपात जाऊन बसला?"

तो म्हणाला, "विन्सेंट साहेबानं माझ्याकडनं उदबत्ती मागून घेतली ताई. म्हणले, रंगनाथ, तुझ्या देवाची एक काडी दे. पेटवून शेकोटीच्या तोंडाशी धरली. धूर बघा, असा सुतासारखा वर गेला पाइपात. साहेब म्हणले, खेच चांगलीय. मंगच त्यांनी गॅस चालू केला अन् मला जा म्हणले. पाइपात बोळा असता तर धूर वर गेला असता का? म्या खोटं कशाला बोलायलो?"

"जीव वाचवायला माणूस काहीही बोलतो."

"मग ती काडी तिथंच असंल. साहेबानं विझवून पुट्टीच्या गोळ्यात खोचून ठिवली व्हती. जाऊन बघा. नसली तर मला फासावर लटकवा."

मी उठले. दारात पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, "साहेब तर बंद काचेची शेकोटी घ्या म्हणून किती मागं लागले. ती आपली हवा बाहेरनं घेते, धूर बाहेरच सोडते, खोलीशी तिचा काही संबंधच नाही. देवव्रत साहेबांनी ऐकलं न्हाई. ही उघड्या तोंडाची कुठून तरी जुनी आणली, नवा रंग मारून घेतला. दिसायला भारी दिसते म्हणले."

टॅक्सीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी ज्या मानेसाठी आले होते तिला हातही लावला नव्हता. मला स्वतःचाच राग आला. काडी नाही सापडली तर ह्या माणसाला मी कोर्टात उभी राहून उभा चिरीन, असं मी मोठ्याने म्हटलं आणि ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

३

दुसऱ्या दिवशी देवव्रत ड्युटीवर असतानाच मी त्याच्या व्हिलावर गेले. घरकाम करणारी जैतून, हैदराबादची, तिने दार उघडलं आणि मला बघून रडायला लागली. बैठकीच्या खोलीत रंगारी सुरज आपले ब्रश गोळा करत होता. पोलिसांनी सिलिंडर नेला होता. बाकी खोली जशीच्या तशी.

शेकोटीच्या तोंडाबाहेर, डाव्या कोपऱ्यात, पुट्टीच्या सुक्या गोळ्यात उदबत्तीची अर्धी काडी उभी होती. जन्मभर मेणबत्त्या लावणाऱ्या माझ्या भावाने लावलेली ती एकुलती एक उदबत्ती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तेव्हा मला वाळू दिसली.

नवा गालिचा, त्याच्यावर पिठासारखी बारीक वाळू. शेकोटीच्या तोंडाशी जाड, पुढे पसरत पातळ होत गेलेली, पंख्याच्या आकारात. बोट फिरवलं तर रेघ उमटली.

"सुरज, ही वाळू तू सांडलीस?"

"छ्या! सिस्टर, काय बोलताय? आदल्या दिवशी मी सोता व्हॅक्यूम मारून गेलोय. भिंतीचं पॉलिश वलं होतं, कण चिकटला असता तर विन्सेंट सरांनी मला तिसऱ्यांदा भिंत घासायला लावली असती."

"म्हणजे दोनदा लावली होती. म्हणून भांडलास त्यांच्याशी. तुम्हाला कोंडून घालीन म्हणालास, सगळ्यांनी ऐकलंय. आणि खिडक्यांना प्लास्टिक तूच चिकटवलंस."

सुरज कोल्हापूरचा, तिशीतला, तोंडाने फटकळ. त्याचा चेहरा एकदम उतरला. "आयला... म्हणालो रागानं. पण सिस्टर, त्या दिवशी शमालचा वारा काय सुटला होता बघितलाय न्हवं? नुसती धूळ. वलं पॉलिश असलं की खिडक्या बंद करायच्याच, हितं सगळेच करत्यात. आणि प्लास्टिक काय, एका नखानं फाटतंय. विन्सेंट सरांना फाडायचं असतं तर फाडलं नसतं? डोकं जड झालं असंल तर त्यांना वाटलं असंल पॉलिशचाच वास."

"फक्त ह्या खोलीच्या खिडक्या?"

"न्हाई, सगळ्या घराच्या. देवव्रत साहेब म्हणाले, कुठनंच धूळ याय नको."

मी खिडक्या तपासल्या. प्लास्टिक जिथल्या तिथे होतं, कुठेही फाटलेलं नव्हतं. मग वाळू आली कुठून? खोलीला बाहेरचं उघडं तोंड एकच होतं. धुराचा पाइप. आणि त्या पाइपात तर म्हणे बोळा होता!

मी स्वयंपाकघरात गेले. जैतूनने चहा टाकला होता. शेगडीच्या वर एक भला थोरला एक्झॉस्ट बसवलेला होता, चकचकीत, कोरा.

"हा काय हॉटेलातून आणलाय का ग?"

"पिछले महीने लगवाए साब. मैं तो हैरान थी, मॅडम. साब तो उबला हुआ खाते. पेट का अल्सर है ना. बघार भी नहीं देती मैं."

जिथे फोडणीसुद्धा होत नाही तिथे शंभर माणसांच्या बिर्याणीचा एक्झॉस्ट. मी चहाचा कप खाली ठेवला.

"त्या दिवशी हा चालू होता?"

"हौ. विन्सेंट सर आग जलाए, साब को मेसेज करे कि जल गई. मेरे सामनेच करे. फिर साब का फोन आया मेरेकू. बोले, पॉलिश की बू घर में भर जाएगी, बावर्चीखाने का, बाथरूमों का, सब एक्झॉस्ट चालू कर, और काम निपटा के घर जा, आज छुट्टी. मैं जाने लगी तो सर माथा पकड़ के बैठे थे. मैं बोली, पॉलिश की बू है सर. वो हँसे." तिचा पदर डोळ्यांना लागला. "साब कितना खयाल रखते सबका."

"खरंच," मी म्हटलं. "जैतून, आता सगळे एक्झॉस्ट लाव. त्या दिवशी लावलेस तसेच."

मी बैठकीच्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं, विन्सेंटची उरलेली काडी पेटवली आणि शेकोटीच्या तोंडाशी धरून बसले. जे दिसलं ते खरं की भास, म्हणून मी काडी पुन्हा धरून पाहिली. मग ती विझवली.

निघताना पॅसेजमधल्या भिंतीवरच्या फोटोकडे माझं लक्ष गेलं. हार घातलेला, पंचविशीचा हसरा मुलगा. पूर्वीही पाहिला होता. "आमचा धाकटा, गेला," एवढंच देवव्रत सांगायचा आणि विषय बदलायचा.

"ह्याचं नाव काय ग?"

"महिपती भैया. रास लफान में हादसा हुआ था. साब रोज दिया लगाते."

हे नाव मी सात वर्षं चर्चमध्ये ऐकत होते.

४

आमच्या वसईकडे माणूस गेल्यावर सातव्या दिवशी नातलग, शेजारी जमून प्रार्थना करतात. मी देवव्रतला फोन केला. विन्सेंटचं पार्थिव अजून शवागारात आहे, गावी कधी जाईल ते माहीत नाही, तर ती प्रार्थना जिथे तो गेला तिथेच करू दे.

तो म्हणाला, "मार्थाताई, विचारता काय? तुमचंच घर आहे."

केसाने गळा कापणारा माणूस किती गोड बोलतो! मी पण गोड बोलले. त्या आठवड्यात मी इतकं गोड बोलायला शिकले, की मला माझीच भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी सगळे जमले. देवव्रत, सुरज, आणि मी स्वतः टॅक्सी करून आणलेला रंगनाथ. त्याला बघून देवव्रतच्या कपाळावर आठी पडली. "ह्याला कशाला?" "क्षमा करायला," मी म्हटलं. मागच्या खुर्चीत तपास करणारे, हिंदी-मराठी कळणारे पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत बसले होते. त्यांना मी आधी भेटून उदबत्तीची आणि वाळूची गोष्ट सांगितली होती. त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण कुतूहल वाढलं होतं. देवव्रतला मी सांगितलं, हे हॉस्पिटलातले स्नेही. जैतून स्वयंपाकघरात होती. तिला मी एक काम सांगून ठेवलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

खिडक्यांचं प्लास्टिक तसंच होतं. दार मी लावून घेतलं. देवव्रतला मी विन्सेंटच्या खुर्चीत बसवलं, म्हटलं, तू त्याचा जवळचा. शेकोटीच्या आत एका वाटीत कोळसे पेटवले आणि त्यांच्यावर बुखूर टाकला, अरबी धूप. सुगंधी धूर उठला आणि सरळ पाइपात वर गेला.

"सगळ्यांनी बघा," मी म्हटलं. "पाइप चांगला आहे. खेच चांगली आहे. विन्सेंटनेही असंच तपासलं होतं."

मी प्रार्थना सुरू केली. ठरलेल्या वेळी जैतूनने तिचं काम केलं. ह्या खोलीत आवाज काहीच आला नाही. स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. आधी धूर थबकला. मग शेकोटीच्या तोंडाशी घुटमळला, आणि मग वाकून बाहेर आला. गालिच्यावरून सरपटत, आमच्या पायांशी, खुर्च्यांखाली. पाइपातून वाळू झरायला लागली. धूर वाढला. मी प्रार्थना थांबवली नाही. सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले.

"सिस्टर, गुदमरायला लागलंय," म्हणत सुरज खिडकीकडे धावला आणि प्लास्टिक ओरबाडायला लागला. रंगनाथ शेकोटीपाशी ओणवा झाला आणि मान वाकडी करून पाइपात बघायला लागला. बोळा बघत होता बिचारा.

"डोकं जड झालं का रे, देवव्रत?" मी विचारलं.

तो उठला. खिडकीकडे गेला नाही. शेकोटीकडे त्याने पाहिलंही नाही. दार उघडून तो पॅसेजमधून लांब लांब ढांगा टाकत गेला. आम्ही त्याच्या मागे. तो थेट स्वयंपाकघरात शिरला, जैतूनला बाजूला सारलं आणि एक्झॉस्टचा खटका बंद केला. मग बाथरूमचे खटके, एकामागून एक. मागे पॅसेजच्या टोकाला, उघड्या दारातून दिसलं, धूर थांबला, वळला आणि निमूट पाइपात वर गेला.

देवव्रत खटक्यावर हात ठेवून उभा होता. आम्हा सगळ्यांना दारात बघून त्याने हात काढून घेतला.

५

अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही इथेच का आलात?"

"का म्हणजे?" देवव्रत चिडला. "वीस वर्षं माझं हेच काम आहे. धूर उलटा आला की आधी पंखे बघायचे. बंद घरातली हवा पंख्यांनी बाहेर फेकली, की तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. खिडक्या बंद असल्या तर ती पाइपातून येते, धुराला घेऊन. कंट्रोल रूमच्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. कुणालाही कळेल."

"कुणालाही नाही," मी म्हटलं. "सुरज खिडकीकडे गेला. रंगनाथ पाइपाकडे गेला. खोलीत एक्झॉस्टचा शब्दही कोणी काढला नव्हता. तूच एकटा इथे आलास, कारण तुझ्या हाताला सवय आहे. मग मला सांग देवव्रत, ज्याला हे चार श्वासांत कळलं, त्याने इतके दिवस पोलिसांना बोळ्याची गोष्ट का सांगितली? खिडक्या बंद करायला तूच सांगितलंस. विन्सेंटने शेकोटी पेटवल्याचं कळवलं आणि लगेच पंखे लावायला तूच जैतूनला सांगितलंस. उकडलेलं खाणाऱ्याच्या घरात हा राक्षस तूच बसवलास."

"पंचा पाइपात होता! फोटो आहे माझ्याकडे!"

"आहे ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काढ तो फोटो."

त्याने काढला नाही. अधिकाऱ्यांच्या मोबाईलमध्ये होता, त्यांनी तो मोठा करून सगळ्यांपुढे धरला. पांढऱ्यावर लाल चौकड्या, स्वच्छ.

"दुपारभर शेकोटी जळली," मी म्हटलं. "पाइपात हा पंचा असता तर करपून काळा झाला असता. माझ्या स्वयंपाकघरातलं गरम तवा धरायचं फडकं सुद्धा ह्यापेक्षा मळकं आहे. संध्याकाळी आल्यावर तू पंखे बंद केलेस, रंगनाथने धुऊन कठड्यावर टाकलेला पंचा उचललास, बाहेरच्या हवेने थंड राहिलेल्या पाइपात अर्धा कोंबलास आणि फोटो काढलास. बोळा असता तर विन्सेंटची उदबत्ती वर खेचली गेली नसती. बोळा असता तर गालिच्यावर वाळू आली नसती."

रंगनाथने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुरजने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

देवव्रतने मान वर केली आणि त्याचा चेहरा मी कधीच न पाहिलेला होता. मोदक वाढणारा देवव्रत त्यात कुठे नव्हता.

"हो. केलं. आणि पुन्हा करीन," तो म्हणाला. "माझा महिपती गॅसच्या टाकीत गुदमरून मेला, ताई. पंचवीस वर्षांचा. मीच त्याला इथे आणला होता. आणि तुमच्या भावाच्या खात्याने सांगितलं, मास्क त्याने स्वतःच काढला, चूक त्याची. आईने मला फोनवर विचारलं, माझं पोर इतकं मूर्ख होतं का रे? त्या प्रश्नावर मी सात वर्षं जगलोय. सेफ्टी ऑफिसर कोण होता? विन्सेंट! त्याच्या मांडीला मांडी लावून जेवलो मी. वाट बघत होतो. मला तो तसाच मरायला हवा होता, श्वासाने, आणि लोकांनी म्हणायला हवं होतं की कुणाची तरी चूक. फिटरची तर फिटरची."

इतका डूख धरलेला माणूस मी पाहिला नव्हता. किंवा पाहिला होता, त्याच आठवड्यात, रोज सकाळी आरशात. मला त्याला मारावंसं वाटत होतं. पण माझ्याकडे त्याहून धारदार वस्तू होती, आणि ती मी आठवडाभर जपून ठेवली होती.

"देवव्रत, विन्सेंटची रास लफानची नोकरी का सुटली, माहीत आहे?"

"सोडली असेल. टोचली असेल लाज."

"त्या रात्री त्याने दार लावून मला सांगितलं. म्हणाला, 'बाय, एक पोरगा मेलाय. मास्कचा व्हॉल्व खराब होता, मी हातात घेऊन पाहिला. कंपनीवाले म्हणतात, पोराने स्वतः काढला असं सांग. मी नाही सांगणार.' त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. त्याच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवलं आणि त्या दुसऱ्याने सांगितलं. त्या पोराचं नाव विन्सेंटने मला सांगितलं नव्हतं. पण दर फेब्रुवारीत आमच्या चर्चमध्ये एक नाव वाचलं जातं, मिस्सा विन्सेंटची. महिपती. जाऊन फादरना विचार."

"मग तो मला बोलला का नाही?" देवव्रतचा आवाज फाटला. "सात वर्षं! एका ताटात जेवलो आम्ही! का नाही बोलला?"

"तू विचारलंस का?"

सात वर्षं एक विचारत नव्हता आणि दुसरा, जखमेवरची खपली कशाला काढा म्हणून, सांगत नव्हता. दोघेही सभ्य माणसं. त्याच्या कुठल्याही कामाला विन्सेंट नाही म्हणायचा नाही, ते का, हे आता त्याला कळत होतं. मी ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिलं, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर आनंद झाला.

अधिकाऱ्यांनी त्याच्या दंडाला धरलं. दारापर्यंत गेल्यावर तो वळला.

"मार्थाताई, तुम्ही मला छळायला हे रचलंत ना? एकदा खोटं आहे म्हणा. बाकी काही नको, फाशी द्या मला. पण एवढं खोटं आहे म्हणा."

एक शब्द पुरला असता. तो शब्द घेऊन तो कोठडीत सुखाने झोपला असता, भावाचा सूड घेतलेला भाऊ म्हणून.

"खरं आहे," मी म्हटलं. "शब्द न् शब्द खरा आहे. तुझ्या महिपतीच्या बाजूने ह्या जगात एकच माणूस उभा राहिला होता, आणि तू त्याला ह्या खोलीत मारलंस."

रंगनाथवरची बंदी उठली. गावी जायच्या आधी तो मला भेटायला आला, तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ताई, तुम्ही काडी बघायला गेलात, तिथंच मिटलं.

विन्सेंटला आम्ही वसईत पुरलं. फेब्रुवारीत मी दोह्याला परतले तेव्हा फादरनी पुन्हा विचारलं, ह्या वर्षी फक्त विन्सेंट ना? मी म्हटलं, दोघेही. विन्सेंट आणि महिपती, एकामागून एक वाचा.

मग मी तुरुंगात देवव्रतला निरोप पाठवला. मिस्सा झाली, महिपतीचं नाव वाचलं, विन्सेंटच्या वतीने. पुढच्या फेब्रुवारीतही पाठवीन. त्याच्या पुढच्याही. मी जिवंत असेपर्यंत एकही चुकू देणार नाही.